अंग झाडल्याशिवाय

तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. तुमचा गुन्हा एवढाच, आणि तो लहान नाही. त्या छोट्या कॉलेजातला वर्ग बंद करायला तुम्ही निघालात, तेव्हा तिथं शिकणाऱ्या एका तरी पोरीला विचारलंत का, की बाई गं, तू इथं काय शिकतेस? जीपमधून उतरलात, मनगटावरचं घड्याळ बघितलंत, एक शेरा लिहिलात आणि भिगवणला मासे खायला निघून गेलात. त्या दिवसाची अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उरलेली अर्धी तुमच्या पाठीमागं झाली. ती आता ऐका.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. अंथुर्ण्याहून वालचंदनगरकडं जाणाऱ्या रस्त्याला ते ज्युनिअर कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे काय, तर चार खोल्या आणि पाठीमागं सोसायटीचं जुनं खताचं गोदाम. गोदामाला चुना मारून त्याची प्रयोगशाळा केलेली. हवा दमट झाली की भिंतीतनं अजून युरियाचा वास यायचा. अकरावी-बारावी करता करता पोरींनी रक्त, लघवी, थुंकी तपासायला शिकायचं आणि दोन वर्षांनी दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून उभं राहायचं, असा तो अभ्यासक्रम. कागदावर नाव लांबलचक होतं. गावानं ते छाटून 'रगताचा वर्ग' केलं, आणि पोरींचं नाव ठेवलं जळवा. एसटीत चढल्या की मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणायचंच, "सरका रं, जळवा आल्या. चिकटतील."

"चिकटू की," सारजा म्हणायची. "पर तुझ्यात हाय का काय प्यायला? गाळून काढल्यालं चिपाड तू."

सगळी एसटी हसायची. कंडक्टरसुद्धा.

सारजा म्हणजे अंथुर्ण्याच्या गेणबा मारकडाची पोर. गेणबाच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी सरली की मेंढरांसकट बिऱ्हाडाचा वाडा उचलायचा आणि कोकणच्या अंगाला उतरायचं. गेणबानंही निम्मं आयुष्य तेच केलं. मग कालव्याच्या पाण्यानं रानं हिरवी झाली, जिकडंतिकडं ऊस उभा राहिला, आणि मेंढराला तोंड घालायला जागा उरली नाही. गेणबानं मेंढरं विकली, देवाच्या नावाची थोडी ठेवली आणि स्वतःच्या तुकड्यात ऊस लावला. त्याच्या घराण्यात दहावीची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे सारजा. ती रगताच्या वर्गात जाते म्हटल्यावर भावकीनं नाक मुरडलं. गेणबा म्हणाला, "आपल्याला रगताचं काय नवल? मेंढरू व्यालं की आपुनच हात घालतो की."

शिकवायला कौसल्या मॅडम होत्या. बारामतीहून रोज एसटीनं यायच्या. सरकारनं त्यांना वर्ग दिला, पण शीर कशी शोधायची ते शिकवायला माणसाचा हात दिला नाही. मग मॅडमनी पोरींना सांगितलं, उद्या डब्यात भाकरीबरोबर मळलेली कणीक आणा. सायकलच्या दुकानातनं व्हॉल्वची रबरी नळी आणली, तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं, दोन्ही टोकं गच्च बांधली आणि कणकेच्या उंड्यात पुरली. "बोटानं चाचपा. डोळ्यानं दिसणारी शीर फसवते. बोटाला लागते ती खरी." पोरी महिनाभर कणकेला टोचत बसल्या. ज्वारीचं पीठ आणलं की ते चिरायचं, नळी उघडी पडायची. गव्हाचं मात्र माणसाच्या कातड्यासारखं दबायचं. सणासुदीला पोळीला मिळायचा तो गहू पोरी शिरा शोधायला आणत होत्या, आणि घरोघरी आया बोंबलत होत्या.

कणीक झाल्यावर एकमेकींचे हात. त्यानंतर सारजानं पहिल्यांदा घरच्या माणसाचं रक्त काढलं ते आईचं, साखरबाईचं. साखरबाईला कित्येक वर्षं उठलं की अंधारी यायची. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे आळस आहे. सारजानं रक्त तपासलं आणि दिसलं की पोरं, धुणं, खुरपं सगळं ती निम्म्या रक्तावर ओढत होती. दवाखान्यातनं लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळा सरता सरता साखरबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पोरीसारखी चालायला लागली. त्या दिवसापासनं सारजाला जळू म्हणा, गोचीड म्हणा, काही लागायचं नाही. परीक्षा झाली की बारामतीच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत उभं राहायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

आणि अशात तुमच्या शिक्षण खात्याच्या कचेरीतनं सांगणं आलं की वर्ग बंद करायचा विचार आहे. खेड्यातल्या मुलींना हे काम झेपत नाही. राहिलेलं वर्ष ज्यांना पाहिजे त्यांनी पुण्याला जाऊन पुरं करावं. पुण्याला! साहेब, त्या पोरींना पुण्याला जायला सांगणं म्हणजे चंद्रावर जा म्हणणं. वर्ग गेला की सारजाचं शिक्षण गेलं, हे तिला ठाऊक होतं, गेणबाला ठाऊक होतं, आणि खरं सांगा, तुम्हालाही ठाऊक होतं.

मॅडमनी हातापाया पडून एक संधी मागितली. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, गावातल्या माणसांचं रक्त मुलींनी माझ्यासमोर काढून दाखवावं. एकमेकींचं चालणार नाही. जागा ठरली अंथुर्ण्याची चावडी.

आता गावाची चूक सांगतो, लपवत नाही. सरपंच मोहनरावांना वाटलं, साहेब येणार तर चावडीपुढं माणूस दाटलं पाहिजे. त्यांनी आदल्या दिवशी दवंडी दिली: "ऐका हो ऐका, उद्या सरकारी जीप येणार हाय, सुई टोचणारा सायेब येणार हाय, समद्यांनी चावडीम्होरं हजर ऱ्हावं!" मोहनराव तरणे होते, त्यांना मागचं ठाऊक नव्हतं. अहो, ह्या गावानं एकदा सरकारी जीप आणि सुई एकत्र बघितली होती, नसबंदीच्या सालात. तेव्हा रस्त्यावरनं, बाजारातनं माणसं उचलून जीपमधे घातली होती. तेव्हापासनं जीप म्हटलं की म्हातारी माणसं धोतर सावरतात. झालं, तुमच्या जीपचा धुरळा दिसला आणि अख्खं गाव उसात शिरलं. बायका, बाप्ये, दुकानदार, चावडीतला शिपाईसुद्धा.

तुम्ही उतरलात तेव्हा गावात एक कुत्रं होतं आणि एक ठमाबाई होती. कुत्र्याला जीपचं भय नव्हतं, आणि ठमाबाईच्या गुडघ्यात पळायची ताकद नव्हती.

चावडीच्या ओट्यावर सारजा आणि तिच्या वर्गातल्या पोरी पांढरे कोट घालून उभ्या होत्या. टेबलावर धुतलेली चादर, स्पिरिट, कापूस, मॅडमनी दवाखान्यातनं मागून आणलेलं सिरिंजचं खोकं, पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून ओळीनं मांडलेल्या. तुम्ही घड्याळ बघितलंत.

"लोक कुठं आहेत?"

मोहनरावांनी इकडंतिकडं बघितलं. ते गेले आणि ठमाबाईला दंडाला धरून ओढतच घेऊन आले. "ही बघा साहेब. गावाच्या वतीनं."

"सोड रं मुडद्या," ठमाबाई ओरडत होती. "माझी आता ह्या वयात काय नसबंदी करतोस? दात ऱ्हायल्यात तीन, ते मोज!"

"गप बस, म्हातारे. गावाची अब्रू जाईल." मोहनरावांनी तिला खुर्चीवर दाबून बसवलं.

तुम्ही बोटानं सारजाला खूण केलीत. "चल. घे हिचं रक्त."

सारजानं दंडाला रबर बांधलं. बोटानं शीर चाचपली. लागली. चांगली जाड, सरळ, जुन्या बाईच्या हाताला असते तशी. कणकेतल्या नळीपेक्षा सोपी. सुई हातात होती. एक टोचणी, आणि वर्ग वाचला असता. तिनं ठमाबाईच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारीनं डोळे गच्च मिटले होते, आणि सगळं अंग थरथर कापत होतं.

मोहनराव हसून म्हणाले, "झाडलं की अंग म्हातारीनं! मिळाला कौल. घे आता."

त्या एका चेष्टेनं सारजाचा हात जागच्या जागी थांबला.

कारण अंग झाडणं म्हणजे काय, हे मोहनरावांनी ऐकलं होतं आणि सारजानं बघितलं होतं. धनगराच्या घरी बिरोबाच्या नावाचा बकरा असतो. त्याला देवापुढं आणतात, भंडारा लावतात, अंगावर पाणी शिंपडतात, आणि माणसं हात जोडून गप उभी राहतात. बकऱ्यानं आपण होऊन मानेपासनं शेपटापर्यंत सगळं अंग झाडलं, तर त्यानं हू म्हटलं, होकार दिला. तोवर त्याला बोट लावायचं नाही. एका जत्रेत एक बकरा नुसताच लटलट कापत उभा राहिला होता. पै-पाहुणे ताटकळले, चुलते म्हणाले, "हललं की गेणबा, झालं." गेणबा म्हणाला, "ते भ्यानं कापतंय. भ्यानं कापणं म्हंजी हू न्हवं." दिवस कलला तरी बकऱ्यानं अंग झाडलं नाही. गेणबानं त्याचा कासरा सोडला. पाहुण्यांनी त्या दिवशी डाळ-भाकरी खाल्ली आणि गेणबाला शिव्या दिल्या. तो बकरा पुढं सारजाच्या पाठीमागं गावभर हिंडायचा.

सारजानं ठमाबाईच्या दंडाचं रबर सोडलं. सुई ताटलीत ठेवली.

"काय झालं?" तुम्ही विचारलंत. दिवसभरातला तुमचा तो दुसरा प्रश्न. "भीती वाटली?"

"न्हाय सर. आज्जीनं अजून हू म्हटलं न्हाय."

"हिला काय विचारायचं? मला भिगवणला पोचायचंय."

"थोडं थांबा सर. मी बोलते तिच्याशी."

तुम्ही थांबला नाहीत. पेन काढलंत, उभ्या उभ्या लिहिलंत, आणि मॅडमना वाचूनही दाखवलंत, की विद्यार्थिनीला रक्त काढता आलं नाही, वर्ग चालू ठेवण्यात अर्थ नाही. जीप वळली. कुत्रं थोडं अंतर मागं धावलं आणि परत आलं.

कौसल्या मॅडम खांबाला टेकून बसल्या. "सारजा, घालवलंस गं. एक सुई टोचायला तुझ्या काय बापाचं जात होतं?"

"बापाचंच जात हुतं मॅडम," सारजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान खाली नव्हती.

ठमाबाईनं एक डोळा उघडला. "गेला का त्यो?"

"गेला."

"मग आता नीट सांग. कशाला पायजे माझं रगत? तिकडं पुण्याला इकत्यात म्हनं."

सारजा तिच्यापुढं जमिनीवर बसली. "आज्जी, डेरीत दूध घालता न्हवं? तितं दुधाची फॅट बघत्यात का न्हाय? तशी ह्यात रगताची बघायची."

"आन् कमी लागली तर भाव पाडशील?"

"न्हाय. गोळ्या देऊ."

"किती घेशील? तांब्याभर?"

"चमचाभर बी न्हाय. नवी सुई, तुमच्याच म्होरं फोडती. दुखंल, पर मुंगी चावल्यावानी. आन् न्हाय म्हणला तर न्हाय. घरी जावा."

ठमाबाई विचारात पडली. उसाकडं बघितलं. सारजाकडं बघितलं. "तू गेणबाची न्हवं? त्यो बकरं सोडून दिल्याला?"

"व्हय."

"म्हंजी मला तू बकरं समजतीस व्हय गं भवाने!" म्हातारी अशी हसली, की हसता हसता खांद्यापासनं गुडघ्यापर्यंत सगळी हलली, डोक्यावरचा पदर खाली आला. मग तिनं आपण होऊन हात पुढं केला. "हे बघ, झाडलं अंग. घे."

एकच टोचणी. रक्त सिरिंजमधे असं अलगद चढलं, की ठमाबाईला कळलंच नाही. सारजानं तिथंच टेबलावर बारीक नळीत आम्लाचा थेंब घातला, त्यात रक्त सोडलं, ते तपकिरी झाल्यावर थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या नमुन्याच्या काचेशी रंग जुळवला. मॅडम उठून तिच्या खांद्यामागं आल्या. दोघींनी आकडा बघितला आणि एकमेकींकडं बघितलं.

"आज्जी, बाईमाणसाला पायजे त्याच्या निम्मंच रगत हाय तुमच्यात. दम लागतोय का?"

"लागतोय म्हंजी? चूल फुकली तरी लागतोय. आन् आमची सून काय म्हनती ठावं हाय? म्हातारी नाटकं करती!" ठमाबाई खुर्चीवरनं उठली, ओट्याच्या कडेला आली आणि उसाच्या दिशेनं तोंड करून अशी हाक दिली की वालचंदनगरच्या कारखान्याच्या भोंग्यानं झक मारली. "धोंडे! ए धोंडाबाई! ये भाईर! माझं रगत निम्मं हाय! नळीत दिसतंय! नाटकं म्हनत हुतीस न्हवं? ये, बघून जा!"

ऊस हलला. आधी धोंडाबाई बाहेर आली, अंगाला पाचटाची कुसळं, तोंड शरमेनं लाल. तिनं नळी बघितली, सासूकडं बघितलं, आणि स्वतःचा हात टेबलावर ठेवला. "माझं बी बघ गं. मला बी अंधारी येती, मी कुनाला सांगत न्हाय." ठमाबाईनं आपली खुर्ची सुनेकडं सरकवली.

मग बायका आल्या. आल्या म्हणजे काय, उसाच्या सरीसरीतनं फुटल्या. ज्या पोरींना जळवा म्हणत होत्या, त्यांच्यापुढं बाह्या सारून उभ्या राहिल्या. सारजा प्रत्येकीला विचारायची, "घेऊ का?" आणि प्रत्येक बाई आधी खांदे झाडून दाखवायची, मग हसायची, मग हात द्यायची. एक म्हणाली, "आज न्हाय बया." सारजा म्हणाली, "बरं." ती बाई थोड्या वेळानं आपणहून परत आली. सगळ्या पोरींनी रक्त काढलं, एकीचाही हात चुकला नाही. बाटल्यांवर नावं लिहून चिकटवली. कौसल्या मॅडम नुसत्या ओळीकडं बघत होत्या. अशी ओळ त्यांनी चकचकीत दवाखान्यातही बघितली नव्हती.

शेवटाला गेणबा आला. तो उसात गेलाच नव्हता, ओढ्याला मेंढरं पाजत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सायेब कुठं गेला म्हणालीस?"

"भिगवणला. मासे खायला."

"मग जा की. त्याच्यासमुर व्हायाचं हुतं न्हवं? दावून ये." त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि बाटल्या उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीभोवती असं गुंडाळलं, जसं नव्या कोकराला गुंडाळतात. "हिंदकळू दिऊ नगं."

गावातल्या सिद्धूचा दुधाचा टेम्पो भिगवणकडंच निघाला होता. सारजा आणि मॅडम पुढं बसल्या. ठमाबाईला कुणी बोलावलं नव्हतं, ती मागं रिकाम्या कॅनांच्या मधे आधीच चढून बसली होती. सिद्धू म्हणाला, "आज्जी, दूध म्हणून उतरून घेतील."

"घिऊ दे. फॅट कमी हाय म्हनून परत पाठवतील."

साहेब, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून सांगतो. भिगवणच्या त्या खाणावळीत तुमच्यापुढं चिलापीचं कालवण होतं, बोटाला रस्सा होता. जेवत्या ताटाशेजारी रक्त ठेवायचं नसतं, हे सारजाला शिकवलेलं होतं. तिनं घोडी पलीकडच्या बाकावर ठेवली आणि घोंगडं उलगडलं. लाल बाटल्यांची रांग, एकेका बाटलीवर एकेका बाईचं नाव. खाणावळीत सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"जेवा सर सावकाश. आमी थांबतो. थांबायचं आमाला कळतं."

"तू सकाळचीच ना? घाबरलेली?"

"ती न्हवती घाबरली," ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी घाबरल्याली. घोळ करू नगंस."

तुम्ही बाटल्या बघितल्यात. नावं वाचलीत. तोंडातला घास गिळलात. "आता काय उपयोग? मी शेरा लिहिलाय."

"मग खोडा."

"असं खोडता येत नाही."

"सर, काढलेलं रगत अंगात परत घालता येत न्हाय. म्हणून आमी आधी इचारतो. पेनानं लिहिलेलं खोडता येतं." सारजाचा आवाज चढला नाही. तुमच्यासमोर ती पांढऱ्या कोटात उभी होती, कोटावर रक्ताचा एक ठिपकाही नव्हता. "आमच्यात देवाच्या बकऱ्याला बी इचारल्याबिगर हात लावत न्हाईत. तुमी आमचा वर्ग कापायला निघाला, आमाला इचारलं न्हाय. आता मी इचारते. ही आज्जी भ्यानं कापत हुती, आन् मी सुई खाली ठेवली. ते बरोबर केलं का चूक? चूक असंल तर हितं सगळ्यांसमोर म्हणा, की म्हातारीचा हात दाबून सुई खुपसायला पायजे हुती. आन् बरोबर असंल, तर मला रगत काढता येत न्हाय असं लिवलंत ते कशावरनं?"

खाणावळीचा मालक भाकरी थापता थापता थांबला होता. ठमाबाईनं एक खुर्ची ओढली आणि तुमच्या समोरच बसली, उठायचं नाही अशी.

"बोला सर. बरोबर, का चूक?"